गाडी तापते ती उन्हाने नव्हे

बीड जिल्ह्यात जुनी गाडी तापली की आरोपी ठरलेलाच असतो : ऊन. मे महिना, पारा 42-43 अंशांना टेकलेला, मांजरसुंब्याच्या घाटात कडेला बॉनेट उघडून उभा असलेला ट्रक आणि पाण्याचा कॅन घेऊन धावणारा क्लीनर. एवढं दिसलं की चौकशी संपते. निकालासोबत शिक्षाही ठरलेली असते. मोठा रेडिएटर टाका. ऐपत असेल तर ॲल्युमिनिअमचा, बाहेरून मागवलेला. तेवढ्यानं भागलं नाही तर थर्मोस्टॅट काढा, विजेचे पंखे लावा, झाकण सैल ठेवा. या सगळ्याला आता ‘कूलिंग अपग्रेड’ असं भारदस्त नाव मिळालं आहे आणि नावासोबत बिलही भारदस्त झालं आहे.

माझं म्हणणं असं की यात आरोपीही चुकीचा आहे आणि शिक्षाही. जुन्या ट्रकची थंडाव्याची व्यवस्था सुधारू नये, असं मी म्हणत नाही. ती सुधारलीच पाहिजे. पण तापणाऱ्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा आकार कमी पडत नसतो. कमी पडतं ते नितळ पाणी, टिकून राहणारा दाब आणि जाळीतून आरपार जाणारी हवा. या तिन्ही गोष्टी स्वस्त आहेत, म्हणून त्यांची कुणी जाहिरात करत नाही.

हा वाद बीडमध्ये घालायला कारण आहे. दसरा-दिवाळी झाली की इथले लाखो ऊसतोड मजूर टोळ्याटोळ्यांनी पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये माणसं, भांडी, चुली, शेळ्या असा सगळा संसार चढतो. गाडीविषयीचा जिव्हाळा इथे वेगळा आहे तो त्यामुळे. पुढे नाक असलेला जुना टाटा अजून कुणाच्या तरी वाड्यामागे उभा असतो, आणि हल्ली त्याला परत रस्त्यावर आणायची हौस वाढली आहे. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि डेमलर-बेंझ यांचा करार 1954 चा. त्याच वर्षी जमशेदपूरमधून पहिला टाटा-मर्सिडीज बाहेर पडला. 1969 मध्ये करार संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तिथे टाटांचं चिन्ह आलं. म्हणजे तारा असलेली गाडी निदान पंचावन्न वर्षांची आहे. अशा गाडीला मालक नवा रंग देतो, क्रोमची जाळी चकाकवतो, केबिनमध्ये गादी आणि गाणी बसवतो, आणि लग्नाच्या वरातीला काढतो. थंडाव्याच्या व्यवस्थेची आठवण होते ती वरातीत, नवरदेव टपावर असताना, खालून वाफ आल्यावर.

आता पूर्वपक्ष नीट मांडू. विरोधकाचं म्हणणं दुबळं करून खोडण्यात काही मजा नाही.

उन्हाचा पक्ष असा : रेडिएटर पाण्यातली उष्णता हवेला देतो, आणि किती देतो ते दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी 90 अंशांचं असेल आणि बाहेर 28 अंश असतील तर फरक 62. बाहेर 43 झाले की फरक 47. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळपास चोवीस टक्के कमी काम करतो. हे गणित खरं आहे, आणि ते मला मान्य आहे.

पण मग धारूरच्या घाटाचं काय करायचं? तेलगावहून धारूरकडे चढणारा तो अरुंद, वळणांचा रस्ता ऊसवाहतुकीच्या हंगामात गाड्यांची परीक्षा घेतो. हंगाम म्हणजे कार्तिक ते फाल्गुन. पौषातल्या रात्री, ड्रायव्हरनं मफलर गुंडाळलेला असताना तिथे गाड्या उकळतात. उन्हाला दोष द्यायला तिथे सूर्यच नसतो. असतं ते काय? पहिला-दुसरा गिअर, पूर्ण रेटलेलं इंजिन, ताशी दहा-बारा किलोमीटरचा वेग, आणि त्यामुळे समोरून येणारी हवा जवळपास शून्य. शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं डिझेल इंजिन पूर्ण भारावर चालतं तेव्हा पाण्यात उतरणारी उष्णता साठ किलोवॅटच्या घरात जाते. घरातले दोन किलोवॅटचे तीस गीझर एकदम सुरू केल्यासारखं. ती सगळी उष्णता बाहेर काढायला त्या क्षणी फक्त इंजिनचा पंखा असतो. त्या पंख्याची हवा जाळीतून जाते की जाळीला वळसा घालून निघून जाते, यावर घाट चढायचा की थांबायचा हे ठरतं. ऊन चोवीस टक्के खातं हे खरं. धडधाकट व्यवस्थेत तेवढी ताकद शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक आधीच कुणी खाल्ली, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

कुणी खाल्ली ते बघायचं असेल तर रेडिएटरवाल्याच्या दुकानात जाऊन बसा. जुन्या ट्रकच्या पितळी रेडिएटरची वरची टाकी डाख सोडवून त्यानं उचलली की आत नळ्यांची तोंडं दिसतात. दिसायला हवीत, असं म्हणू. कारण पुष्कळदा तिथे पांढरट-तांबूस पपडी असते, आणि नळीचं तोंड शोधावं लागतं. कारागीर एका नळीत पट्टी घालतो, ती दोन बोटं जाऊन अडते. दुसरीत घालतो, तीही अडते. तळाला गंज आणि चुना यांचा चिखल बसलेला असतो. हा माणूस पूर्ण रेडिएटर बघून सांगू शकतो की गाडी बोअरच्या पाण्यावर चालली आहे. मालक मात्र बाहेर उभा राहून विचारतो, “ह्याच्याहून मोठा मिळंल का?”

मराठवाड्याचा खडक काळा, बेसाल्टचा. त्यातून पाझरून आलेलं बोअरचं पाणी कठीण असतं; त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, आणि पाणी तापलं की ते चुन्याच्या रूपात भिंतीला धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर चालवून घ्यायची मर्यादा 600. मधला 500 चा आकडा धरू. गाडीत रोज पाच लिटर पाणी ‘टाकावं लागतं’ अशी गाडी घ्या. रोज अडीच ग्रॅम क्षार आत जातात, महिन्याला पंचाहत्तर. सगळे बसत नाहीत, निम्मे बसले तरी एका हंगामात पावशेराच्या आसपास चुना इंजिनात आणि रेडिएटरमध्ये राहतो. ओतीव लोखंडातून उष्णता जितकी सहज वाहते त्याच्या पंचविसाव्या-पन्नासाव्या हिश्शानंच ती या चुन्यातून वाहते. ब्लॉकच्या आतल्या भिंतीवर एक मिलिमीटरचा थर बसणं म्हणजे भिंत एक-दोन इंच जाड झाल्यासारखं आहे. आता तुम्ही पुढे ॲल्युमिनिअमचा कितीही मोठा रेडिएटर लावा. उष्णता धातूतून पाण्यातच आली नाही तर तो बिचारा काय थंड करणार? काटा नव्वद दाखवतो आणि हेड आतून भाजत असतं.

इथे थोडं परळीकडे वळतो. परळीचं औष्णिक वीज केंद्र 2013 च्या फेब्रुवारीत बंद पडलं ते कोळशामुळे नव्हे, पाण्यामुळे. दुष्काळात गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातलं पाणी संपलं. तिथल्या उंच मनोऱ्यांत पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेलं गार होतं. पाणी खर्च करूनच ती व्यवस्था चालते. आपल्याकडच्या अनेक ड्रायव्हरांची गाडीविषयीची समजूत नेमकी अशीच आहे. “गाडी म्हणल्यावर पाणी पिणारच की.” नाही. ट्रकची व्यवस्था बंद वर्तुळाची आहे. त्यातलं पाणी उडून जायला नको आहे, फिरत राहायला हवं आहे. गाडी रोज पाणी पीत असेल तर ते तिचं खाणं नव्हे, आजार आहे : होज पाइपची क्लिप सैल, वॉटर पंपाचं सील गेलेलं, झाकणाचं रबर मेलेलं, नाहीतर हेड गॅस्केटमधून हवा येते आहे. दुष्काळी जिल्ह्यात गाडीच्या मागे पाण्याचे कॅन बांधून फिरायचं आणि त्याला खबरदारी म्हणायचं, हे मला कधी पटलेलं नाही.

पाणी की कूलंट, हा यातला जुना वाद. मिस्तरी म्हणतो, कूलंट ही कंपनीची लूट. नुसतं पाणी जास्त गार करतं. आता या वाक्याचा दुसरा भाग, कुणाला आवडो न आवडो, बरोबर आहे. पाण्याइतकी उष्णता वाहून नेणारा स्वस्त द्रव दुसरा नाही. कूलंटमधलं ग्लायकॉल निम्मं मिसळलं की मिश्रणाची ही क्षमता पंधरा टक्क्यांच्या आसपास घटते. ग्लायकॉलचा मुख्य उपयोग पाणी गोठू नये हा, आणि बालाघाटच्या डोंगरात रेडिएटर गोठल्याचं कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा इतक्या घट्ट मिश्रणाची इथे गरज नाही, हे मिस्तरीचं म्हणणं मी मान्य करतो.

पण त्यावरून तो बोअरच्या नळाला पाइप लावतो, तिथे त्याची आणि माझी वाट वेगळी होते. कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात. तांबं, पितळ, डाखाचं शिसं आणि कथील, लोखंड, आणि नव्यानं घुसवलेलं ॲल्युमिनिअम असे पाच-सहा धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. रसायन नसेल तर ते एकमेकांना खातात. ज्या डिझेल इंजिनात लाइनर थेट पाण्याला टेकलेला असतो तिथे आणखी एक गोष्ट घडते. पिस्टनच्या ठोक्यांनी लाइनर थरथरतो, बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि धातूला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडत जातात. रसायनाचा पातळ थर हे थोपवतो. म्हणून माझा सल्ला सोपा आहे. पाणी घ्या, पण क्षार काढलेलं. बॅटरीचं पाणी विकणाऱ्याकडे ते मिळतं. त्यात कूलंट घाला, पाव ते एक तृतीयांश, डब्यावर किमान प्रमाण जे लिहिलं असेल त्याच्या खाली न जाता. निळा आणि लाल डबा एकमेकांत मिसळू नका. आणि हो, पावसाचं पत्र्यावरून धरलेलं पाणीही बोअरच्या पाण्याहून शंभर वाटांनी बरं. ते आपल्या आजोबांच्या पिढीतले ड्रायव्हर वापरत.

थर्मोस्टॅटचा मामला तर याहून चमत्कारिक आहे, कारण इथे काढा म्हणणारेही चुकतात आणि ठेवा म्हणणाऱ्यांचं कारणही चुकीचं असतं. जिल्ह्यातला कुठलाही जुना ट्रक उघडा, थर्मोस्टॅटच्या जागी रिकामी चकती सापडण्याची शक्यता मोठी. “काढला की गाडी गार पडती, साहेब. आपल्याकडं कशाला लागतंय ते? थंडीच्या देशातलं आहे.” ठेवा म्हणणारे शिकलेले लोक उत्तर देतात की पाणी फार जोरात पळालं तर रेडिएटरमध्ये गार व्हायला त्याला वेळ मिळत नाही, म्हणून अडथळा हवा. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि साफ चूक आहे. पाणी वर्तुळात फिरतं आहे. रेडिएटरमध्ये ते कमी वेळ थांबतं तसं इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि तासाभरात रेडिएटरमधून जाणारं एकूण पाणी वाढतं. जोरात वाहणारं पाणी जास्तच उष्णता सोडतं.

खरं कारण दुसरं आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो आणि पाणी बगलेच्या छोट्या वाटेनं परत इंजिनात फिरवतो. साधारण 82 अंशांच्या पुढे तो रेडिएटरची वाट उघडतो, आणि त्याच्या बुडाची चकती ती बगलेची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला म्हणजे रेडिएटरची वाट कायमची उघडली, हे खरं. पण बगलेची वाटही कायमची उघडी राहिली. आता घाटात, ऐन गरजेच्या वेळी, गरम पाण्याचा एक वाटा रेडिएटरचं तोंडही न बघता परत इंजिनात येतो. गार करायला काढलेला भाग गाडी तापवतो. आणि सपाटीवर, हिवाळ्यातल्या सकाळी, तेच इंजिन साठ अंशांवर कण्हत चालतं. डिझेल पूर्ण जळत नाही, तेल पातळ होतं, लाइनर झिजतो. वर्षभरात हेड-गॅस्केटचा नाहीतर पिस्टनचा खर्च निघतो आणि तेव्हा मिस्तरी सांगतो, जुनी गाडी आहे, असं चालायचंच.

झाकणाकडे येऊ. इतका दुर्लक्षित आणि इतका कामाचा भाग गाडीत दुसरा नसेल. समुद्रसपाटीला पाणी शंभर अंशांना उकळतं. बीड शहर पाचशे मीटरच्या आसपास, मांजरसुंब्याचं पठार त्याहून उंच. तिथे 98 च्या आतच उकळी फुटते. झाकणाची स्प्रिंग दर चौरस इंचाला सात पौंड दाब धरत असेल तर उकळी अकरा-बारा अंश वर जाते. म्हणजे 98 ऐवजी 110. घाट चढायला हीच मुभा लागते. गाडीचं पाणी 104 अंशांवर गेलं आणि दाब असेल तर काही घडत नाही, थोड्या वेळानं उतारावर काटा खाली येतो. दाब नसेल तर तेच पाणी वाफ होतं, वाफ हेडमध्ये अडकते, जिथे वाफ आहे तिथे धातू भाजतो. झाकण सैल ठेवणारे, त्याचं रबर काढणारे, कपड्याचा बोळा कोंबून चालवणारे लोक ही सगळी मुभा हवेत सोडून देतात, आणि मग मोठ्या रेडिएटरची चौकशी करतात! मात्र उलट टोकाला जाऊन पन्नास वर्षांच्या पितळी टाकीवर आजच्या गाडीचं चौदा पौंडांचं झाकण लावलं तर डाखाचे सांधे उसवतील. सात पौंड पुरेत. टाकी नव्यानं डाखली असेल आणि रेडिएटरवाल्यानं दाब देऊन तपासली असेल तरच पुढचा विचार.

मोठ्या रेडिएटरचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतो आहे. समोरच्या जाळीचं क्षेत्रफळ गाडीच्या नाकानं ठरवलेलं असतं. ते फारसं वाढत नाही. तेव्हा ‘मोठा’ म्हणजे व्यवहारात जाड. दोन ओळींच्या जागी चार ओळी नळ्या. पण पहिल्या दोन ओळींतून गेलेली हवा तापलेली असते. तिसऱ्या-चौथ्या ओळीला ती गरम हवाच मिळते. शिवाय जाळी जितकी जाड तितका हवेला अडथळा जास्त. पंखा जुनाच असेल तर घाटातल्या मंद वेगात या जाड रेडिएटरमधून आधीपेक्षा कमी हवा जाते. पैसे दुप्पट, लाभ थोडा, कधीकधी तोटा. ॲल्युमिनिअमचं म्हणाल तर तांब्यापेक्षा ते उष्णतेचं वाहक म्हणून उणंच. त्याची खरी बाजू हलकेपणाची आणि रुंद नळ्यांची. हायवेवर धावणाऱ्या गाडीला ते शोभतं. पण केजजवळ दगड लागून त्याला चीर पडली तर झाळायला माणूस शोधत फिरावं लागतं. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख देणारा कारागीर बीडला आहे, अंबाजोगाईला आहे, गेवराईला आहे. जुन्याच टाक्यांमध्ये नवी तांब्याची जाळी भरून देणंही त्याला जमतं. ज्या गाडीचा बिघाड वाटेत दुरुस्त होतो ती गाडी चांगली, हा माझा ग्रामीण निकष आहे, आणि मी तो सोडणार नाही.

हवेची वाट हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हसण्यावारी नेलेला भाग. पंख्याभोवती पत्र्याचं गोल कडं असतं. अनेक जुन्या गाड्यांतून ते गायब झालेलं आहे; पट्टा बदलताना हात जात नाही म्हणून मिस्तरीनं काढलं आणि परत लावलं नाही. त्या कड्याशिवाय पंखा जाळीच्या मधल्या भागातून हवा ओढतो, कोपरे मोकळे राहतात, आणि इंजिनावरून आलेली गरम हवा बाजूनं फिरून परत पुढे येते. पत्रा कापून कडं करून घ्या, पंख्याचं पातं निम्मं आत, निम्मं बाहेर राहील असं बसवा. रेडिएटरच्या बाजूच्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बुजवा. हे काम एका दिवसाचं आहे.

मग जाळीच्या पुढचं बघा. बीड कापसाचा आणि उसाचा जिल्हा. जिनिंगच्या फेऱ्या मारलेल्या गाडीच्या जाळीत रुईचा नमदा बसलेला असतो, ऊस वाहिलेल्या गाडीत पाचटाचा भुसा, आणि दोन्हींवर तेलाचा चिकट हात. वरून मालक पुढे फलक लावतो, गोंडे लावतो, हॉर्नची जोडी लावतो, वरातीला झेंडूच्या माळांनी नाक मढवतो. श्वास घ्यायला जागा ठेवायची नाही आणि दम लागला म्हणून डॉक्टर गाठायचा. जाळी धुवायची ती मागून पुढे, हलक्या हातानं. सर्व्हिसिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्यानं समोरून मारलं की पापुद्रे आडवे होतात आणि उरलीसुरली वाटही बंद.

विजेच्या पंख्यांवर मात्र मी सरसकट काट मारणार नाही. भार वाहणाऱ्या ट्रकला ते निरुपयोगी आहेत. बाजारात मिळणारा बाराइंची पंखा शे-दीडशे वॅट खातो, आणि ट्रकचा इंजिनावरचा पंखा त्याच्या कितीतरी पट ताकद घेऊन हवा ओढतो. दोन-तीन छोटे पंखे त्याची जागा घेऊ शकत नाहीत, आणि पुढे लावले तर धावताना वाटच अडवतात. पण वरातीची गाडी वेगळी. ती रिकामी असते, माणसाच्या चालीनं चालते, दोन-दोन तास इंजिन मंद गतीवर असतं, आणि मंद गतीवर पट्ट्याचा पंखाही मंदच. तिथे मूळ पंखा तसाच ठेवून जोडीला एक विजेचा पंखा, तापमानावर आपोआप सुरू होणारा, ही खरी सुधारणा आहे. फक्त आधी बघा की गाडीत जुना डायनामो आहे की अल्टरनेटर. मंद गतीवर डायनामो जवळपास काहीच देत नाही. पंखा, दिवे आणि गाणी मिळून बॅटरी संपवतील आणि नवरदेवाला धक्का मारायला उतरावं लागेल.

एक पक्ष शुद्धतावाद्यांचा. त्यांचं म्हणणं, कंपनीनं दिलं त्याला हात लावू नका. केंद्रानं 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली, आणि तिची अटच मुळी गाडी मूळ रूपात असावी ही आहे, याकडे ते बोट दाखवतात. त्यांचा धाक योग्य आहे, मला आवडतोही. पण चांगलं पाणी, योग्य झाकण, परत बसवलेला थर्मोस्टॅट आणि कडं यांनी मूळ रूप मोडत नाही. उलट ते परत येतं. आणि मूळ काळाचं फार कौतुक नको. त्या काळी घाटात थांबून गाडीत पाणी घालणं हा प्रवासाचाच भाग होता. आपल्या आठवणीत ती गाडी कधी तापत नव्हती, कारण ती तापल्यावर थांबणं कुणाला वेगळं वाटत नसे.

तर करायचं काय? सगळ्यात आधी मोजायचं. बहुतेक जुन्या गाड्यांचा तापमानाचा काटा मेलेला असतो आणि मालक वासावरून अंदाज करतो. चांगला काटा बसवा. पिस्तुलासारखं लांबून तापमान मोजणारं यंत्र आता हजार-पाचशेत मिळतं, ते घ्या. घाट चढून आल्यावर वरच्या होजवर आणि खालच्या होजवर, क्लिपजवळच्या धातूवर, ते रोखा. दोघांत दहा अंशांच्या आत फरक आणि दोन्ही जास्त गरम, तर हवा कमी पडते आहे. वरचं उकळतं आणि खालचं बरंच गार, तर पाणी वाहत नाही. नळ्या बुजल्या आहेत किंवा वॉटर पंपाचं पातं झिजलं आहे, पट्टा घसरतो आहे. झाकण उघडून गार इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर रेडिएटरला विसरा, हेड गॅस्केट बघा. आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघत असेल तर डिझेल पंपाचा स्क्रू कुणी ‘वाढवला’ आहे का ते विचारा. ऊसवाल्या गाड्यांत हे सर्रास होतं. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता; इंजिनाची ती वाढलेली भूक भागवायची जबाबदारी रेडिएटरवर टाकणं अन्याय आहे.

यातून दोष सापडला की क्रम आपोआप ठरतो. ब्लॉक आणि रेडिएटर आतून साफ करा. चुना सोडवणारं सौम्य आम्ल वापरून, मग भरपूर पाण्यानं धुऊन. होज, क्लिपा, झाकण नवे. थर्मोस्टॅट परत. पंख्याचं कडं, फटी, पट्टा. क्षारमुक्त पाणी आणि कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा म्हणजे हेडमध्ये हवा अडकणार नाही. नाहीतर त्या हवेत लोंबणारा काट्याचा सेन्सर गार दाखवतो आणि फसवतो. एवढं करून घाट चढा. दहापैकी किती गाड्या सुधारतील हा आकडा मी देणार नाही, पण रेडिएटरवाले हसून सांगतील. एवढ्यानंही गाडी तापली, किंवा जुन्या चासीवर तुम्ही टर्बोचं दुप्पट ताकदीचं इंजिन चढवलं असेल, तर मग मोठ्या रेडिएटरचा खर्च रास्त आहे. तेव्हा तो जाड न घेता, बसेल तितका रुंद-उंच घ्या, आणि त्याच्याबरोबर पंखाही त्या तोलाचा घ्या.

शेवटी मालकांना आणि ड्रायव्हरांना एक विनंती, आणि ती वादाची नाही. व्यवस्थेत दाब आला की 110 अंशांचं पाणी उकळल्याशिवाय आत बसलेलं असतं. झाकण सुटताच त्यातलं काही एकदम वाफ होतं, आणि एका लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. ती जागा झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर असते. आपल्याकडे हे काम क्लीनरला सांगतात, आणि क्लीनर बहुधा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असतो. गाडी बाजूला घ्या, भार काढा, इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणावर जाड ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा आणि फुसफुस थांबेपर्यंत हात तिथेच ठेवा. तापलेल्या ब्लॉकमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. आणि हे सगळं स्वतः करा. पोराला झाकणाजवळ पाठवू नका.